पूर्व होक्काइडोचा हिवाळी दौरा: क्रौंच, समुद्री गरुड आणि आयनू लाकूडकाम

जपानच्या हिवाळी सहलींच्या जाहिरातींत साप्पोरोचा बर्फ महोत्सव असतो, ओतारूचा कालवा असतो, एखादं स्कीचं मैदान असतं. नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात थंडीच्या पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहणाऱ्या माणसाला यातलं फारसं काही नको असतं. त्याला हवे ते पक्षी होक्काइडो बेटाच्या पूर्व टोकाला आहेत आणि साप्पोरोहून तिथे रेल्वेनं चार तासांहून जास्त लागतात. म्हणून साप्पोरो सरळ गाळावं आणि टोकियोच्या हानेदा विमानतळावरून थेट कुशिरो गाठावं. विमान पावणेदोन तासांत पोचवतं.

हे परीक्षण सात रात्रींच्या, स्वतः गाडी चालवून करायच्या दौऱ्याचं आहे. त्सुरुईत तीन रात्री, राउसुत दोन, कुश्शारो तळ्यावर एक आणि आकान तळ्यावर एक. मत आधीच सांगतो. त्सुरुई एकट्यासाठीसुद्धा हा प्रवास करण्यासारखा आहे. राउसु थरारक आहे, पण तिथलं यश वाऱ्यावर अवलंबून. आणि आकानला आयनूंची, म्हणजे होक्काइडोच्या मूळ रहिवाशांची, वस्ती आहे. बहुतेक जण तिथे तासभर थांबून चावीच्या साखळ्या घेऊन निघतात, पण तिला पूर्ण दिवस द्यायला हवा.

तारखा ठरवताना दोन गोष्टी जुळवायच्या असतात: क्रौंचांचं नृत्य आणि समुद्रातला तरंगता बर्फ. क्रौंच नोव्हेंबर-डिसेंबरपासून गोळा होतात, नाच जानेवारीच्या अखेरीपासून रंगतो. बर्फ राउसुच्या किनाऱ्याला साधारण फेब्रुवारीत लागतो आणि मार्चच्या मध्यापर्यंत टिकतो. दोन्ही हवं असेल तर १० ते २५ फेब्रुवारी हाच काळ धरा. डिसेंबरच्या सुट्टीत गेलात तर क्रौंच मिळतील, बर्फावरचे गरुड मिळणार नाहीत.

त्सुरुई या नावाचाच अर्थ क्रौंचांचं ठिकाण. कुशिरो विमानतळाहून गाडीनं पाऊण तासाच्या आत. जवळची कुशिरो पाणथळ १९८० साली जपानची पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाली, जशी नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्राची पहिली. पण पक्षी पाहण्याची रीत अगदी उलटी आहे. नांदूरला पाणी पसरलेलं, पक्षी विखुरलेले, त्यामुळे स्कोप, म्हणजे तिपाईवरची लांब दुर्बीण, लावून शोधत बसावं लागतं. इथे हिवाळ्यात सगळं पाणी गोठतं, म्हणून जिथे पाणी वाहतं उरतं तिथे पक्षी दाटीनं येतात. ओतोवा पुलाखालची सेत्सुरी नदी झऱ्यांच्या पाण्यावर चालते, त्यामुळे हवा उणे २० अंशांवर गेली तरी ती गोठत नाही. लाल टोपीचे क्रौंच, जपानीत तांचो, रात्रभर या उथळ पाण्यात पाय बुडवून उभे असतात. बाहेरच्या हवेपेक्षा पाणी उबदार, आणि कोल्हा पाण्यात आला तर आवाज होतो. हा त्यांचा रातथारा.

पहाटे पुलावरून दिसतं ते असं: पाण्यातून वाफ वर चढते, ती काठच्या फांद्यांवर गोठून पांढरी होते, आणि वाफेच्या आत क्रौंचांच्या राखाडी आकृत्या हळूहळू स्पष्ट होतात. सूर्य वर आला की वाफेला गुलाबी-केशरी रंग चढतो. हे रोज होत नाही. त्यासाठी तापमान उणे १५ च्या खाली हवं आणि वारा अजिबात नको. आकाश ढगाळ असेल, रात्र उणे ६-७ वरच थांबली असेल, तर वाफही नाही आणि फांद्यांवरचा बर्फही नाही, नुसते लांबवरचे पक्षी. तीन रात्री मागतो त्या यासाठी. तीनपैकी एक पहाट तरी स्वच्छ आणि स्थिर मिळण्याची शक्यता चांगली असते. एकच रात्र ठेवणाऱ्यांची निराशा होते ती बहुधा याच कारणानं, आणि मग दोष जागेला दिला जातो.

फेब्रुवारीच्या मध्यात सूर्योदय सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान होतो, नाशिकपेक्षा बराच लवकर. पूल अरुंद आहे, कठड्याजवळची जागा लवकर भरते, तेव्हा सूर्योदयाच्या पाऊण तास आधी पोचा. पक्षी लांब असतात. ८×४२ ची दुर्बीण पुरते, पण २०-६० पटीचा स्कोप असेल तर डोकं पंखात घालून एका पायावर झोपलेला पक्षीही नीट दिसतो. कडक थंडीच्या दिवशी ते उशिरापर्यंत हलत नाहीत. उजाडलं, पक्षी उडाले नाहीत, म्हणून निघून जाऊ नका. तासभर थांबा.

नंतर शेतांतल्या खाद्यस्थानांवर जायचं. त्सुरुई-इतो तांचो अभयारण्य हे त्यातलं सर्वांत चांगलं. १९८७ पासून जपानच्या वन्यपक्षी संस्थेकडे आहे, आणि तिथली माहिती देणारी माणसं पक्षी मनापासून जाणतात. इथे हिवाळ्यात मका टाकला जातो, आणि त्यामागचा इतिहास कळला तर समोरचं दृश्य वेगळंच दिसतं. शिकार आणि दलदलीची शेती यामुळे हा पक्षी जपानमधून संपला असं मानलं जात होतं. १९२४ साली कुशिरोच्या दलदलीत डझनभर सापडले. १९५२ च्या हिवाळ्यात वादळानं अन्न झाकलं गेलं, तेव्हा गावकऱ्यांनी टाकलेला मका क्रौंच पहिल्यांदा खाऊ लागले. त्या वर्षीच्या गणनेत ३३ पक्षी होते. आज आकडा अठराशेच्या वर आहे. पण एवढे पक्षी दोन-तीन शेतांत दाटले तर एका रोगात सगळं गमावण्याची भीती, म्हणून २०१५ पासून जपानचं पर्यावरण मंत्रालय मोठ्या खाद्यस्थानांवरचा मका टप्प्याटप्प्यानं कमी करत आहे. हेतू असा की पक्ष्यांनी पांगावं. पाच-सात वर्षांपूर्वीचे फोटो पाहून गेलात तर शेत मोकळं वाटेल. आमच्या मते हा बदल योग्य आहे. पक्षी कमी दिसले तरी तक्रार करू नये.

काय पाहायचं ते ठरवून जा. उंची सुमारे दीड मीटर, पंखांचा पसारा २.४ मीटरपर्यंत. डोक्यावरचा लाल भाग म्हणजे पिसं नाहीत, उघडी कातडी आहे. उत्तेजित पक्ष्यात ती पसरते. शेपटी काळी दिसते, पण ती खरं तर पांढरी आहे. काळी पिसं पंखाची, मिटलेल्या पंखातून मागे लोंबणारी. उडताना हे लगेच कळतं. तपकिरी डोक्याचं पिल्लू आईबापांच्या मधोमध चालतं, फेब्रुवारीच्या सुमाराला तेच आईबाप त्याला चोच मारून हाकलायला लागतात. आणि जोडीचं गाणं ऐका: नराची एक लांब हाक, त्याला मादीची दोन छोटी उत्तरं, इतकी जुळलेली की एकच पक्षी ओरडतो आहे असं वाटावं. थंड हवेत हाकेबरोबर चोचीतून वाफ निघते. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल अशी जागा धरली तर ती फोटोत येते.

फोटोतल्या दोन चुका जवळजवळ सगळ्यांकडून होतात. बर्फ राखाडी येऊ नये म्हणून एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवायचं हे सगळ्यांना पाठ असतं. पण क्रौंचाचं अंग बर्फाहून उजळ असतं, त्यामुळे पिसांचा तपशील जळतो. पाऊण स्टॉपच वाढवा आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा, उजवा कोपरा तपासा. दुसरी चूक दुपारची. उन्हानं बर्फावरची हवा तापते आणि लांब लेन्समधून सगळं थरथरतं. लेन्स कितीही महाग असो, हे टळत नाही. सकाळी नऊच्या आत आणि तीननंतर काम करा. गाडीच्या खिडकीतून टिपायचं असेल तर हीटर बंद करून काच दहा मिनिटं आधी उघडा, नाहीतर तीच थरथर गाडीतूनच तयार होते.

त्सुरुईहून राउसु दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे, हिवाळ्यात तीन-साडेतीन तास धरा. नकाशावर शिरेतोको द्वीपकल्पाच्या एका बाजूला उतोरो आणि दुसऱ्या बाजूला राउसु अगदी जवळ दिसतात. त्यांच्यामधला खिंडीचा रस्ता नोव्हेंबरपासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत बंद असतो. दोन्ही एका दिवसात असं नियोजन करणारे इथेच फसतात.

राउसुच्या बंदरातून बोटी पहाटे पाचच्या सुमाराला आणि पुन्हा सकाळी नऊ-दहाला सुटतात. समोर कुनाशिर बेट, मधे नेमुरोची सामुद्रधुनी, आणि तीत ओखोत्स्क समुद्रातून आलेला बर्फ. इतक्या दक्षिणेला समुद्र गोठतो याचं कारण अमूर नदी. तिचं गोडं पाणी समुद्रावर कमी खारट थर पसरवतं, तो थर खालच्या पाण्यात मिसळत नाही आणि लवकर गोठतो. त्या बर्फाच्या लाद्यांवर स्टेलरचे समुद्री गरुड येऊन बसतात. जगात हा पक्षी पाचेक हजारच असेल, वीण कामचाटका आणि ओखोत्स्कच्या किनाऱ्यावर, आणि हिवाळ्यात मोठा भाग इथे. पंख अडीच मीटरपर्यंत, खांदे आणि पाचरीसारखी शेपटी पांढरीशुभ्र, चोच पिवळीजर्द आणि अवाढव्य. शेजारी पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुडही असतो. एरवी मोठा वाटणारा तो पक्षी इथे धाकट्या भावासारखा दिसतो.

बोटीवरून गरुडांना मासे टाकले जातात, हे जाण्यापूर्वी माहीत असावं. पक्षी मोकळे आणि रानटी आहेत, पण त्यांचं इतकं जवळ येणं माशांमुळे आहे. ज्याला हे पटत नाही त्यानं राउसुच्या दक्षिणेला नोत्सुके या लांब वाळूच्या दांड्यावर किंवा फुरेन तळ्यावर जावं. तिथे गरुड लांब असतात, पण आपापल्या वागण्यात मग्न. दोन्ही पाहिलं तर उत्तम.

वारा पश्चिमेकडून आला की बर्फ एका रात्रीत किनाऱ्यापासून दूर सरकतो. मग बोट बंदराच्या आसपासच फिरते आणि गरुड बांधावर किंवा झाडांवर दिसतात. त्यामुळे दोन सकाळी राखून ठेवा आणि पहिली फेरी पहाटेचीच घ्या. प्रकाशासाठी तीच चांगली. लेन्स फार लांब नको, १००-४०० पुरेसा. ६०० मिलिमीटरवाल्यांच्या चौकटीत पंख मावत नाहीत. शटर १/१६०० च्या वर. बोटीवर तिपाई उघडू नका, शेजाऱ्याच्या पायात येते.

राउसुजवळ रात्री लपणगृहातून ब्लेकिस्टनचं मत्स्यघुबड पाहायची सोय आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या घुबडांपैकी हे एक. ते रात्री कधी येईल याचा नेम नाही, झोप मोडायची तयारी हवी. नाव लक्षात ठेवा, आकानला उपयोगी पडेल.

कुश्शारो तळ्यावर फार वेळ नको. सुनायु नावाच्या काठावर खालून गरम पाणी येतं, तेवढाच पट्टा गोठत नाही, आणि तिथे हूपर हंस असतात. चोचीचा पिवळा भाग टोकदार होऊन नाकपुडीच्या पुढे जातो, ही ओळखीची खूण. एक संध्याकाळ, एक सकाळ, पुरे. ब्रेड घालू नका.

आता थंडी. निफाडचा पारा चार-पाचवर आला की आपल्याकडे बातमी होते. इथे पहाटे उणे २० असतं आणि त्यात दोन तास न हलता उभं राहायचं असतं. अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचाच घ्या. सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि उभं राहिलं की तोच घाम गार होतो. मधल्या थराला शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटातला जाड स्वेटर चालेल, वर वारा अडवणारं जाकीट. बूट एक नंबर मोठा. दोन मोजे घालून बूट घट्ट झाला तर रक्त फिरत नाही, आणि बोटं मोज्यांशिवाय गारठतात त्याहून लवकर गारठतात. कायरो नावाच्या उबेच्या पुड्या तिथे कुठल्याही दुकानात मिळतात. त्यात लोखंडाची पूड गंजताना ऊब देते, म्हणून तिला हवा लागते. बंद बुटात साधी पुडी थंड पडते, बुटासाठी वेगळी असते ती घ्या. कुठलीही पुडी थेट कातडीवर चिकटवू नका, हळूहळू भाजतं आणि कळतही नाही.

कॅमेऱ्याच्या तीन बॅटऱ्या, दोन आतल्या खिशात. खोलीत शिरण्यापूर्वी बाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका. नाहीतर गरम हवेतली वाफ लेन्सच्या आत बसते. मेमरी कार्ड आधी काढून घ्या, म्हणजे फोटो पाहायचा मोह पिशवी उघडायला लावत नाही.

गाडीसाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. जपानमध्येही डावीकडून चालवतात, ही सोय. भाड्याच्या गाड्यांना हिवाळी टायर असतात, पण पुलांवर आणि वळणांवरच्या सावलीत काचेसारखा पारदर्शक बर्फ असतो, तिथे ब्रेक दाबायचा नाही, आधीच वेग कमी करायचा. अंधार पडता हरणं रस्त्यावर येतात. पावणेपाचला मावळतं, चारला मुक्कामी असा.

शाकाहाऱ्यांचे हाल होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. सूप, नूडल्सचा रस, भाज्यांची आमटी, सगळ्यांत बोनिटो माशाचा अर्क असतो आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटत नाही. मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, दशम्या, पाकिटातलं पोह्याचं मिश्रण सोबत न्या. गरम पाणी सगळीकडे मिळतं. ताजी फळं मात्र नेऊ नका. कोणाला द्यायला म्हणून नाशिकची द्राक्षं बॅगेत घातली तर ती विमानतळावरच्या तपासणीत काढून घेतील.

आकान तळ्याकाठी आयनू कोतान आहे.  जपाननं कायद्यात आयनूंना मूलनिवासी म्हणून मान्यता दिली ती २०१९ साली. कोतान म्हणजे वस्ती. उताराच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारागिरांची दुकानं, वेशीवर प्रचंड कोरलेलं घुबड. हेच ते राउसुचं मत्स्यघुबड, आयनू भाषेत कोतान-कोर-कामुय, वस्ती राखणारा देव. क्रौंच हा सारोरुन-कामुय, पाणथळीतला देव, आणि त्याच्या नाचावरून बसवलेला नाच आयनू बायका करतात. म्हणून आम्ही सांगतो की आकान शेवटी ठेवा. आधी पक्षी पाहिले की इथल्या लाकडात ते ओळखू येतात.

होक्काइडोची खूण झालेलं, तोंडात मासा धरलेलं लाकडी अस्वल मात्र इथलं जुनं नाही. अस्वलं कोरणं १९२४ साली होक्काइडोतल्याच याकुमो गावात स्विस नमुन्यावरून, शेतकऱ्यांना हिवाळ्यात जोडधंदा म्हणून सुरू झालं. पुढे आयनू कारागिरांनी त्याची उंची कुठल्या कुठे नेली. आकानचे ताकेकी फुजितो (१९३४–२०१८) यांची अस्वलं आणि लांडगे पाहा, केसाकेसाची दिशा स्नायूप्रमाणे बदलते. दुकानातलं गुळगुळीत, चकचकीत अस्वल त्याशेजारी ठेवून पाहिलं की डोळा आपोआप तयार होतो.

आयनूंचा मूळ वारसा नक्षीचा. मोरेउ म्हणजे वळत जाणारा भोवरा, आयुश म्हणजे काटा, आणि मधल्या जागेत माशाच्या खवल्यांसारखी भरण. ही नक्षी कोरलेलं उथळ तबक म्हणजे इता. निबुतानी गावाचं इता आणि तिथलंच साल-कापड आत्तुश यांना २०१३ साली जपान सरकारनं पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली. आत्तुशसाठी ओह्यो नावाच्या एल्मची आतली साल जूनच्या सुमाराला सोलतात, पाण्यात भिजवून तिचे पदर सुटे करतात, धुऊन वाळवतात, मग नखानं बारीक चिरून पीळ देत, गाठी मारत धागा करतात आणि कमरेला बांधलेल्या मागावर विणतात. किंमत ऐकून दचकू नका. येवल्याच्या मागावर महिनोन्महिने बसणारा विणकर ज्यानं पाहिला आहे त्याला ती पटेल. तुकडा, पाकीट किंवा पट्टा घेतला तरी चालतो.

पैठणी घेताना आपण पदर उलटा करून पाहतो, तीच सवय इथे वापरा. साखळी टाक्याचं भरतकाम हातचं असेल तर मागे एकाच धाग्याची, थोडी कमीजास्त लांबीच्या टाक्यांची ओळ दिसते. यंत्राचं असेल तर टाके एकसारखे असतात आणि पुष्कळदा मागे दुसऱ्या बॉबिनचा धागा दिसतो. लाकडात खवल्यांची भरण तिरप्या उजेडात धरा. हातचा प्रत्येक खवला किंचित वेगळा आणि कापाची कड स्वच्छ, चमकणारी. लेझरच्या कामात कड तपकिरी जळकी आणि खोली सगळीकडे सारखी. तळाशी कारागिराचं नाव किंवा खूण आहे का, लाकूड कोणतं, हे विचारा. खरा कारागीर खुशीनं सांगतो. एन्जू लाकडाचं छोटं घुबड घ्यायला सर्वांत योग्य: गाभा गडद, बाहेरचा पट्टा फिका, आणि चांगला कारागीर त्या दोन रंगांतूनच चेहरा काढतो. कमी पैशांत मुक्कुरी हे बांबूचं दोरी ओढून वाजवायचं वाद्य घ्या, पण विकणाऱ्याकडून वाजवायला शिकून. दोरी बाजूला नाही, सरळ पुढे झटक्यानं ओढायची, आणि दुसरा हात गालाला घट्ट टेकवायचा. नाहीतर पाती नुसती खडखडते. शिंग, पीस, नखं लावलेली वस्तू घेऊ नका. मुंबईत कस्टमसमोर ते कोणत्या प्राण्याचं हे सिद्ध करत बसावं लागेल. माकिरी चाकू घेतला तर तो चेक-इन बॅगेत. रोख येन ठेवा.

लाकडी वस्तू नाशिकला आणल्यावर लगेच शोकेसमध्ये मांडू नका. बर्फाळ प्रदेशातल्या तापवलेल्या, कोरड्या खोलीतून ती आली आहे. कागदात गुंडाळून बंद खोक्यात आठवडाभर राहू द्या, रोज थोडा वेळ झाकण उघडा, म्हणजे ओल हळूहळू शिरते आणि चीर पडत नाही. वार्निश नसेल तर वर्षातून एकदा अक्रोडाचं किंवा जवसाचं तेल कापडानं पुसटसं लावा आणि दहा मिनिटांनी पुसून घ्या. जवसाच्या तेलाचं ते फडकं चुरगळून ठेवू नका, आपोआप पेटू शकतं, पसरून वाळवा. खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल नको, ती वाळत नाहीत, धूळ धरतात आणि खवट होतात. एप्रिल-मेमध्ये कूलरच्या झोतासमोर वस्तू ठेवू नका. पावसाळ्यात भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, बुरशीचा पांढरा ठिपका दिसला तर कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, ओलं फडकं लावू नका. आणि आत्तुशचा तुकडा घडी न घालता गुंडाळून ठेवा, कोरड्या सालीचा धागा त्याच घडीवर पुन्हा पुन्हा मोडला की तुटतो.